हातचा

एसिनाम अग्बेको निवृत्त झाली त्या शुक्रवारी
तिच्या खालच्या खणात निघाला एक ताणकाटा,
हुकाला गंज, काट्याला पाच ग्रॅमची खोड.
सामानाच्या यादीत त्याची नोंद नव्हती.
सरकारी नव्हताच तो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी हो गावच्या बाजारात
(गावाचं नावच हो, वोल्टाच्या पूर्वेला)
ती भाव टिपत फिरायची:
गारी, एक ओलोंका. सुकी मासळी, ढीग.
केंकी, गोळा एक.
मामा काफुईच्या टोपलीतला गोळा
मार्चात जेवढ्याला, जूनमध्येही तेवढ्यालाच.
तक्त्यात भाव स्थिर.
पान सोडून पाहावं तर
गोळा अंग चोरून बसलेला.

"मका महागला, पोरी," काफुई म्हणाली.
"भाव वाढवला तर गिऱ्हाईक भांडतं.
गोळा लहान केला तर नुसती भूक भांडते,
तीही घरी जाऊन."

एसिनामनं पदरच्या पैशानं काटा घेतला.
साहेब म्हणाले, वजनाला रकाना नाही.
तिनं समासात लिहिलं.
समास भरला, मग पाठकोऱ्या बाजूवर.
तीन वर्षं ती पानं कुणी उलटली नाहीत.
चौथ्या वर्षी एकानं उलटली
आणि जिल्ह्याचा आकडा
एका दशांशानं वर सरकला.

मग आक्रा. देखरेख विभाग.
काचेबाहेर हरमॅटनची धूळ, आत ताळेबंदांचे गठ्ठे.
ब्लेस्ड डॉन सेव्हिंग्ज: एकतीस शाखा,
ठेवीवर महिन्याला आठ टक्के,
आणि हिशेब इतका गुळगुळीत
की तिला बाजाराची आठवण झाली.
खऱ्या पैशाला मासळीचा वास येतो.
खरा आकडा कुठेतरी अडखळतो,
सात पेसेवा, एकोणीस पेसेवा, खाडाखोड.
इथे प्रत्येक शाखा शून्यावर नाहीतर पाचावर
येऊन थांबलेली, कवायतीतल्या मुलांसारखी.

तिनं टिपण लिहिलं. ते वर गेलं.
वर गेलेलं टिपण आणि वर गेलेला माणूस,
दोघांबद्दलही लोक चांगलंच बोलतात.
चौदा महिने.
तेवढ्यात किती सुसूवाल्यांनी किती दारांवरची नाणी
त्या एकतीस दारांत नेऊन ओतली,
हे तिनं नंतर मोजलं.
रात्री, घरी, कुणी सांगितलं नसताना.

परवाना रद्द झाला त्या कागदावर सही तिची.
हो गावात वाढलेली बाई
नोकरीभर एकच शब्द नीट शिकली होती: नाही.
तो बरोबर होता. उशिरा होता.

हो शाखेच्या कुलपासमोर रांग लागली.
तिच्यात मामा काफुई,
टोपली उपडी घालून तिच्यावर बसलेली.
अकरा वर्षांचे गोळे आत.
हे एसिनामनं मला सांगितलं नाही.
मी फाइलीत वाचलं: दावा क्रमांक, नाव, रक्कम,
अंगठ्याच्या जागी सही, वळणदार.

निरोपाच्या चहाला तिनं भाषण टाळलं.
"लहानपणी हातचा विसरायचे मी," एवढंच म्हणाली,
"बेरीज लिहून झाली तरी तो बोटावरच राहायचा."

काटा आता माझ्या टेबलावर आहे.
खोड दुरुस्त केलेली नाही. पाच वजा करते.

परवा तिचा भाचा भेटला.
मावशी हो-ला गेली होती म्हणाला,
काफुईकडून दोन गोळे घेतले, मिरचीच्या वाटणाबरोबर.
काफुईनं नोट उजेडात धरून पाहिली,
सुटे मोजले,
परत मोजले.
दोघी फारसं बोलल्या नाहीत.

गोळा केवढा होता,
ते विचारायचं राहिलं.