कसर

इतवारीत, लोहा ओळीच्या मागं,
रफत अन्सारीच्या रद्दीत सापडलं:
कुण्या अमेरिकन वाटाड्याचं जुनं चरित्र,
पाठीवरचं सोनेरी नाव अर्धं झडलेलं,
...झ्रा टॉलिव्हर.
"काऊन उलटून पाहून राहिले भाऊ?
घेऊन टाका. इंग्रजी हाय, जाड हाय,
पण किलोच्याच भावात."
सव्वा किलो भरला,
रानं तोडणारा, अस्वलं लोळवणारा माणूस,
दहावीच्या गाइडांशेजारी, तराजूत.

घरी कूलरसमोर उघडलं.
वाळ्याच्या ओल्या वाऱ्यात पानं फडफडली.
मिशन शाळेचा जांभळा शिक्का,
आणि चित्रातल्या टॉलिव्हरच्या
दोन्ही डोळ्यांच्या जागी भोकं.
कसर. तिला खळ आवडते, चामडं आवडतं,
नजरही आवडते
हे ठाऊक नव्हतं.

लिहिणारा पाद्री.
त्याचा नायक पाचशे कोस चालतो
आणि एकदाही शिंकत नाही.
टेकडीवर चढतो, हात कमरेवर ठेवतो,
समोरची सगळी जमीन रिकामी असते.
दर पाच पानांनी रिकामी.
मग त्या रिकाम्या जमिनीतून बाण कसे येतात,
ते पाद्री सांगत नाही.

साखळी मात्र ओळखीची निघाली.
सहासष्ट फूट, शंभर कड्या.
टॉलिव्हरच्या माणसांनी ओढली, तसलीच
आमच्या आजानं, लालसू उईकेनं,
देवलापारपासून पेंचच्या काठापर्यंत ओढली
सेटलमेंटच्या साहेबापुढं, अनवाणी.
"साहेबाले वाटे, तो जंगल मोजते," आजा सांगायचा,
"पाणी कुठं हाय ते आमाले ठाव होतं.
आमीच त्याले हिंडवत होतो."
नकाशावर सही साहेबाची.
कोपऱ्यात. सुबक.
झिरो माइलच्या दगडावर
किती शहरांची अंतरं कोरलीत;
आजाच्या गावाला जायला
अजून विचारतच जावं लागतं.

पान एकशे बारा. नदी फुगलेली.
टॉलिव्हर तीन दिवस काठावर.
'तेव्हा एका रानटी माणसाने आम्हास उतार दाखविला.
त्याचे नाव मी विसरलो.'
बस्स. दोन वाक्यं.
तो माणूस त्या दिवशी मासे धरायला
दुसरीकडे गेला असता, तर
पुढची दोनशे पानं छापलीच नसती.

आणि समासात शिसपेन्सिलीनं,
बाळबोध अक्षरात, जरा तिरपं,
शाळेतल्या कुण्या पोरानं
(मास्तर एवढा दाबून लिहीत नाही)
लिहून ठेवलंय:
मग आठव ना.

मी बराच वेळ तिथंच होतो.
लाइट गेली, कूलर थांबला,
पानं आपोआप मिटली नाहीत.

संध्याकाळी अंगणातला कडुलिंबाचा पाला
कागदावर वाळत घातला.
तिसऱ्या दिवशी पुस्तकात ठेवला,
एकशे बाराव्या पानाशी फक्त.

बाकीचं सगळं, टेकड्या, अस्वलं, पाद्रीची प्रस्तावना,
कसरीसाठी
रिकामं सोडलंय.