मोडका एक

अडतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली,
जन्ममृत्यूच्या चोपड्यांमागं,
जिथं वाळवीसुद्धा कंटाळून दुसरीकडं जाते.
निवृत्तीला अकरा दिवस राहिले
आणि साहेब म्हणाले, तो कोपरा रिकामा करा,
स्कॅनर बसवायचाय.

तिथं हा गठ्ठा.
फडक्याला चादरीची किनार,
वर बोरूची अक्षरं:
निवडून आलेल्यांचे जामीन.

"जामीन तर चोराला लागतो की वो,"
जैनुद्दीन शिपाई म्हणाला,
"ही तर हार घातलेली माणसं."

पहिल्याच कागदाला टाचणीनं एक ठराव,
टाचणी गंजून ठरावात उतरलेली.
कुणी एक सभासद, नाव शाईनं खोडलंय,
आठशे मतांनी आला, हलगी लावून आला,
नळाच्या पंपाचे पैसे उचलले
आणि रात्रीच्या रायचूर गाडीनं गेला.
कोर्टानं विचारलं, जप्त काय करायचं?
घर भाड्याचं. कोट उसना.
राहिली आठशे मतं,
पण मतांना कडीकोयंडा नसतो,
मतांचा लिलाव होत नाही
(तेव्हा होत नसे).

म्हणून ठरलं:
ज्याच्या हाती पेठेची पेटी
त्याच्या मागं दोन जामीनदार,
स्थावर-जंगम लिहून देणारे.
गावानं विश्वास टाकावा खुशाल,
एकानं तरी त्याच्याखाली आपली परात धरावी.

साखर पेठ. सभासद चन्नमल्लप्पा कोनापुरे, जकात कमिटी.
जामीनदार पहिला: घर खणी तीन,
पूर्वेस गटार, पश्चिमेस मारुती.
जामीनदार दुसरा: मल्लेशम बोड्डू, धंदा विणकाम.
"माझे हातमाग चार.
चालू दोन, बंद एक, मोडका एक."
मोडकाही लिहिलाय.
कोण बघायला येणार होतं?
खाली अंगठा, रेघा स्वच्छ,
खळीत बुडालेला हात धुऊन आला असणार.

कागद उलटला.
दोन वर्षांनंतरची तारीख.
नाक्याच्या किर्दीत तूट, दोनशे बारा रुपये अकरा आणे.
नेले कारकुनानं, तसा शेराही आहे.
पण जामीनकतबा कुणी नेले ते विचारत नाही,
किती कमी ते विचारतो.
तीन माग उचलले.
मोडक्याला बोली आली नाही.
इथं कागद संपतो.

पुढचं मला नरसूबाईनं सांगितलं,
नातीच्या दाखल्यासाठी आली होती,
विड्या वळून बोटं पिवळी.
बोड्डू म्हटलं तसं मी सहज विचारलं.
"पणजाच की तो आमचा," म्हणाली.
कोनापुरे म्हणे दुसऱ्या दिवसापासून
पहाटे यायचा, चप्पल बाहेर काढून.
आधी मोडका माग नीट केला दोघांनी,
मग हा कांड्या भरत बसायचा,
बाजारपेठेचा माणूस, सूत तुटायचं, शिव्या खायचा
तेलुगूतून, आणि अर्ध्या कळायच्या नाहीत.
अकरा वर्षं.
"फिटले का पैसे?"
"काय की. पण त्यांच्यातलं कुणी आजही आलं
तर आम्ही आधी पाणी देतो,
मग विचारतो, हिशोब लागला का.
ते म्हणतात, थोडा राहिलाय.
मग चहा टाकायचा."

काल नव्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आली.
रकाने भरपूर: सोनं, गाड्या, शेती, गुन्हे,
पत्नीच्या नावे, अवलंबितांच्या नावे.
तुम्ही बुडालात तर सोबत कोण बुडेल,
हा रकाना मी दोनदा शोधला.
पुतण्याचंही एक आहे त्यात.
घरी आला होता, म्हणाला, काका, तुमचा आशीर्वाद असू द्या.
आशीर्वाद दिला.
माझं राहतं घर दोन खोल्यांचं,
पूर्वेस बोळ, पश्चिमेस पिठाची गिरणी.
हे त्याला सांगितलं नाही,
त्यानंही विचारलं नाही.

आज मल्लेशमचा कागद यंत्राखाली ठेवला.
पडद्यावर सगळं आलं,
चालू दोन, बंद एक, अंगठ्याच्या रेघा,
शेवटचे दोन शब्द तेवढे उठेनात.
जैनुद्दीन म्हणाला, चालतंय की, कोण वाचतंय.
मी काच पुसली,
शाई गडद केली,
कागद पुन्हा लावला.