विषयाची ओळ

केमीत जानेवारीतला दिवस तोंडदेखला येतो,
अकराला टेकतो, दोनला उठतो.
आमचं ऑफिस बॉयलरच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर.
इथून गावभर गरम पाणी जातं, रस्त्यांच्या पोटातून,
आणि पत्रं जातात.
पाण्याला मीटर आहे.
पत्रांना इर्मेली होती.

माझी पहिली मेल. विषय : एक छोटीशी बाब.
सर्वांना नमस्कार, सुट्टी छान गेली असेल अशी आशा,
मी नवीन आहे, कदाचित माझंच चुकत असेल,
तसं असल्यास आधीच क्षमा मागते –
नमनालाच घडाभर तेल.
मग तिमाहीतल्या दाबाचा आढावा,
मग एक तक्ता, मग तक्त्याबद्दल दिलगिरी,
आणि एकोणिसाव्या ओळीत,
पाहुण्यांच्या बुजऱ्या पोरासारखं दाराआडून :
शाळेजवळचा सात नंबरचा व्हॉल्व्ह
बहुतेक गळतोय.

इर्मेलीनं ती छापून घेतली.
बत्तीस वर्षं कागदावरच वाचत आलेली बाई.
कानावरची पेन्सिल काढली. ओरडली नाही.
"हे कोण वाचणार?"
ओस्मो, म्हटलं. दुरुस्तीवाला.
"कुठे वाचणार?"
कुठे म्हणजे?
तिनं खिडकीतून खाली बोट केलं.

खाली व्हॅनपाशी ओस्मो. उणे सत्तावीस.
उजवा हातमोजा दातांत,
उघड्या अंगठ्यानं फोन सरकवतोय, सरकवतोय.
मग हातमोजा परत हातात, फोन खिशात.

"किती ओळी झाल्या असतील?"
चार, मी म्हटलं.
"म्हणजे तुझ्या सुट्टीपर्यंत पोचला.
व्हॉल्व्हपर्यंत नाही."

मग पेन्सिल चालली.
आशा गेली. क्षमा गेली. तक्ता शेपटाला गेला.
सात नंबर उचलून तिनं सगळ्यात वर ठेवला, विषयाच्या ओळीत,
आणि पेन्सिल एका शब्दावर थांबली.
"हे बहुतेक कशाला?"
मला खात्री नाही, म्हणून.
"मग जा, बघून ये. मग लिही."

इतकं सोपं आणि इतकं थंड
मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

गेले. शाळेच्या कुंपणाशी, गुडघाभर बर्फात,
एक वाटोळं भोक वितळलेलं,
आणि त्यात, जानेवारीत,
हिरवंगार गवत.
चांगलं ओंजळभर. वाफाळतं.
मी उगाच जरा वेळ उभी राहिले.
मग हातमोजा काढून तिथूनच लिहिलं :

सात नंबर गळतोय. शाळेजवळ.
दोनच्या आत बंद करायला हवा.
चावी माझ्याकडे. सायमी.

गवताचं लिहिलं नाही.
ओस्मो वीस मिनिटांत आला.

तेव्हापासून माझा हात बसला.
कुणाला काय करायचंय, केव्हापर्यंत, का,
आणि खाली नाव. प्रत सगळ्यांना नाही,
ज्याच्या हातात पाना आहे त्याला.
राग आला तर मसुदा रात्रभर तसाच ठेवायचा,
सकाळी त्यातलं निम्मं आपसूक विझलेलं असतं.

मग एका रविवारी सोदान्कुलाहून आईचा फोन :
तू रागावलीस का माझ्यावर?
मी तिला लिहिलं होतं,
विषय : शनिवार. येत नाही. काम आहे. सायमी.

हे इर्मेलीला सांगितलं, तर पहिल्यांदाच
तिची पेन्सिल खाली पडली, इतकी हसली.
"अगं, आई काय रस्त्यावर उभी राहून वाचते?
ती चहा घेऊन बसते. तिला तक्तासुद्धा पाठव."

मे महिन्यात इर्मेली निवृत्त झाली.
निरोपाचं परिपत्रक माझ्याकडे आलं.
सगळं काढलं, काढत गेले, शेवटी उरलं :
इर्मेली शुक्रवारी जाते आहे. तीन वाजता केक.
बरोबर होतं. तिनंही पास केलं असतं.

पाठव दाबायच्या आधी
मी खाली आणखी एक ओळ लिहिली,
जिचं कुणालाच काही करायचं नव्हतं :

शाळेच्या कुंपणाशी त्या दिवशी
गवत होतं.