सोमवारचा रविवार

शुक्रवारी रात्री वाशीहून मालकांचा फोन:
चौदा माणसं, त्यात तीन लहान, दोघं कांदा न खाणारी.
पिठलं चुलीवरचंच हवं, बरं का तुळशीराम,
गेल्या खेपेसारखं गॅसवर करून
चुलीपुढे नेऊन ठेवू नका.

(एकदाच केलं होतं. लाकडं ओली होती.)

धसईच्या अलीकडे, डांबर जिथं दम सोडतं,
तिथं आमचं फार्महाऊस.
आमचं म्हणजे, किल्ली आमच्याकडे.
अकराला गाड्या येतात,
दारं उघडतात, कुणीतरी हात पसरून म्हणतं,
अहाहा, काय शांतता!
आणि डिकीतून स्पीकर निघतो.

रात्री दीडला एक पोरगी ओट्यावर आली.
काका, हे किडे ओरडतायत ना,
त्यांचा आवाज कमी होतो का?
बघतो म्हटलं.
बॅटरी घेऊन कुंपणापर्यंत गेलोसुद्धा,
थोडा वेळ तिथंच उभा राहिलो,
परत आलो तर ती पायरीवर झोपली होती.

पहाटे एक जण हमखास लवकर उठतो.
विहिरीच्या काठाशी चहा घेऊन बसतो,
समोरच्या डोंगराकडे पाहतो
आणि विचारतो, इकडे जागा काय भाव चाललीय?
मी आजचा भाव सांगतो.
कालचा सांगत नाही.
काल त्या विहिरीवर आमचा पंप होता.

रविवारी चारनंतर उरतं ते असं:
एक पिवळा मोजा, डासांचं अर्धं मलम,
झोक्याखाली कुणाचा तरी कानातला डूल,
आणि सुगंधाच्या पुढ्यात चौदा चादरी.
चादरीवरून तिला कळतं
कोण झोपलं, कोण नुसतंच पडून होतं.
सांगत मात्र नाही कधी.

सोमवारी आम्ही सुटतो.
ती पोपटी साडी नेसते, मी कडक इस्त्रीचा सदरा,
मुरबाडहून एसटी, कल्याणला बदलायची,
ऊन उतरायच्या आत ठाण्यात, तलावपाळीला.
पायडलची बोट, अर्धा तास.
पाण्याच्या चारी बाजूंनी हॉर्न, दुकानं, माणसं;
कुणी आम्हाला हाक मारत नाही,
कुणाला गरम पाणी नको असतं.

बोटीत चढायच्या आधी
सुगंधानं भेळवाल्याला विचारलंच,
दादा, इकडे जागा काय भाव?
तो कांदा चिरता चिरता म्हणाला,
बसायला की राहायला, मावशी?

तलावाच्या मध्यावर ती हसत होती अजून.
मग एकाएकी थांबली, माझा दंड धरला:
अहो, चादरी दोरीवरच राहिल्या.
आभाळ जरा भरून आलं होतं खरं,
तिकडेही आलं असणार.

राहू दे, म्हटलं.
पाय मार.