त्रेचाळीस

नारिनच्या वरच्या खिंडीत
बुरुलने एकतीस वर्षं बर्फ मोजला.
सकाळी सहाला, लाकडी पट्टीने.
मग वहीत आकडा, मग रेडिओवर आकडा,
मग चूल.

तरुणपणी एक व्याख्याता घोड्यावरून वर आला,
म्हणाला, कॉम्रेड, तुझा आकडा म्हणजे
उद्याच्या जगाची वीट.
तिने ते मनावर घेतलं. दोन हिवाळे.
पुढे देशच वितळला,
आकडे मात्र खालून मागत राहिले.
मुल्ला म्हणाला, हीही इबादतच समज.
आणि परवा पाठीवर बोचकी घेतलेली दोन स्विस माणसं
चहा पिता पिता विचारत होती,
इतक्या एकांतात तुम्हाला काय सापडलं?
हातमोजा, बुरुल म्हणाली. एकच. डावा.

खरं तिने कुणालाच सांगितलेलं नाही.
सत्त्याऐंशीच्या बारा फेब्रुवारीला
मेदेर तापाने फणफणला होता.
तिने दार उघडलंच नाही,
खिडकीतून अदमास घेतला
आणि लिहून टाकलं: त्रेचाळीस.

तो आकडा खाली गेला,
शहरातल्या कुठल्याशा सरासरीत विरघळला,
दुधात पाणी जावं तसा.
मेदेर बरा झाला. मॉस्कोत टॅक्सी चालवतो.
पण दर बारा फेब्रुवारीला
बुरुलची पट्टी जरा हळूच उतरते.
एकोणचाळीस. एक्कावन्न. चव्वेचाळीस.
एकदा साडेबेचाळीस भरला,
तेव्हा ती तिथेच गुडघ्यांवर बसून राहिली,
पडेल अजून अर्धा सेंटिमीटर, म्हणून.

आता अंगणात यंत्र उभं आहे,
बगळ्यासारखं, एका पायावर.
नोकरी गेली, सहाची जाग गेली नाही.
ती उठते, मोजते,
आणि सांगायला कुणी नसतं
म्हणून आकडा मोठ्याने म्हणते.

यंत्र दुरुस्त करायला उलान आला,
मिसरूडही धड न फुटलेला.
तिने विचारलं, हे कधी थाप मारतं का रे?
तो बोटांवर फुंकर घालत म्हणाला,
डोळा गोठला ना आपा, की कालचाच आकडा पाठवतं.
मग? खाली कळतं कुणाला?
छे.

बुरुल यंत्रापाशी गेली.
त्याच्या डोक्यावरचा बर्फ बाहीने झाडला.
मग आत येऊन
उरलेल्या पावाला लोणी फासलं,
दोन तुकडे केले, एक लहान झाला,
तो तिने स्वतःकडे ओढला.