आडवी बाहुली

सावद्याच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या वर,
पत्र्याखाली माझं टेबल.
मे महिना. कूलरमधलं पाणी संपलंय
आणि मी लिहितेय इंग्रजीत,
जेवढं येतं तेवढ्यात:
एक गोंडस करडू, वय दहा दिवस,
तोंडात केळी वेफर्सची एक चकती,
मागे केळीची बाग, कोवळं ऊन.

ऑर्डर झांबरेशेठची. तीन बाय सहाचे बारा फ्लेक्स
आणि पाकिटावर तोच फोटो.
खऱ्या करडाचा काढून बघितला होता त्यांनी.
त्याने वेफर्स हुंगले, ते शिंकलं,
आणि फोटोग्राफरच्या बॅगेचा पट्टा चघळत बसलं.

पहिल्यांदा आलं ते विलायती.
नाक गुलाबी, कान उभे, मागे टेकडी आणि तिच्यावर बर्फ.
मी लिहिलं: कान लोंबते.
कान जमिनीला टेकले.
मी लिहिलं: जरा कमी.
तर पाय पाच झाले,
आणि घडातली केळी सगळी खाली मान घालून.
हे इथे चालणार नाही.
इथलं शेंबडं पोरही सांगेल, केळं वर बघतं.

टुणकन उडी मारतं, त्यातल्या टुणकनला काय लिहायचं?
तीन शब्द वापरून पाहिले.
उडी आली. टुणकन राहून गेलं.

खाली आणखी एक चौकोन असतो,
काय नको ते लिहायचा.
तिथे माझा हात भराभर चालतो:
दावं नको. गोचीड नको.
गुडघ्यांवरची माती नको.
शेपटीला चिकटलेल्या लेंड्या नकोत.
कानाची खाच नको.
तराजू नको,
हे लिहिलं आणि खोडलं.
तो कुठून येणार होता फोटोत?

आमच्या भुरीचं करडू
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून दूध प्यायचं, माझ्या मांडीवर.
इतक्या जवळून डोळा दिसायचा,
पिवळसर, आणि बाहुली आडवी.
गल्ल्याच्या डब्याला नाणं टाकायची फट असते,
तश्शी.
शाळा उघडली तेव्हा ते नव्हतं.
माझं दप्तर नवं होतं.

तर मी लिहिलं: बाहुली आडवी.
चारदा गोल आली.
पाचव्यांदा त्याने बरोबर डोळा काढला
आणि मी माऊसवरचा हात उचलला.

शेठना पाठवलं. लगेच फोन:
"अवं हेमांगी, हे काय पाहून ऱ्हायलं माह्याकडे?
डोये गोल कर. मोठे कर.
पोरं घाबरतीन."

गोल केले. मोठे केले.
प्रत्येकात एक पांढरा ठिपका टाकला, चमकीचा.
शेठचा अंगठा आला.

आता चौफुलीवर तो फ्लेक्स आहे.
परवा शकुराबीची एक शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून
त्याचा खालचा कोपरा खात होती.
वेफर्सकडे ढुंकूनही नाही.
मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे तेवढे गेले.
शेठ म्हणाले, नवीन छापून दे, फुकट.

आडव्या बाहुलीची फाईल मी उडवलेली नाही.
नाव दिलंय, 'जुनं तीन'.
लाईट आली की कधीतरी उघडते.
त्या डोळ्याला, म्हणतात,
मान न वळवता मागचंही दिसतं.

मी खुर्ची जरा बाजूला घेते.