लिगायाचा दर

मरिकिनाच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावर
लिगाया देश शिवते.
नव्वद पट्टे, साटिनचे, शुक्रवारच्या आत.
दर पट्ट्यामागे आहे, अक्षरामागे नाही,
म्हणून टोगो आलं की तिचा जीव भांड्यात पडतो,
आणि सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्स
रात्रीचे दोन वाजवतं.

नकाशा तिनं कधी पाहिला नाही.
पण कुठल्या देशाला किती दोरा लागतो,
विचारा.

शनिवारी टीव्हीवर मुली चालतात,
हसू टाचणीनं पक्कं केल्यासारखं.
शेजारणी दागिने बघतात, उंची बघतात,
कुणाची कंबर किती म्हणून भांडतात.
ही बघते, पेरूच्या खांद्यावर
शेवटचा टाका उसवतोय का.
"आपली दुसरी आली गं!" गल्ली कळवळते.
"धरला," लिगाया म्हणते.
टाक्याबद्दल.

एक पट्टा परत आला होता.
किरिबातीच्या मुलीला व्हिसाच मिळाला नाही.
त्याचे पैसे कापले.
न आलेल्या त्या मुलीची उंची
लिगायाच्या वहीत अजून आहे,
खांदा ते कंबर, पेन्सिलनं.

पट्ट्यानं तिनं नातवाची झोळी बांधलीय
छताच्या वाशाला.
गाठीत किरि गेलं,
बाती बाहेर लोंबतंय.
पोर लाथ मारतं, तेव्हा हलतं.